प्रश्न हातात घेऊन जुन्या दुबईत

शंभर दिरहमची जुनी कागदी नोट मिळाली, तर तिच्या दर्शनी बाजूला एका किल्ल्याचं चित्र दिसेल. तो किल्ला गाठा. भिंतीला हात लागेल इतकं जवळ जा आणि सांगा, ही भिंत कशाची आहे?

जुन्या दुबईत पायी खेळायच्या ट्रेझर हंटची ही पहिली चिठ्ठी. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा सोसायटीच्या गणेशोत्सवात हा खेळ आपण खेळलेलो असतो. चिठ्ठीत एक कोडं असतं आणि ते सुटलं की पुढची जागा कळते. जगातल्या अनेक मोठ्या शहरांत आता शहर पाहण्यासाठी हाच खेळ खेळतात. त्यात गाइड नसतो, बसची वेळ गाठायची नसते. प्रश्नांची यादी मोबाइलवर किंवा कागदावर घ्यायची आणि आपल्या चालीनं निघायचं. अट एकच, की उत्तर त्या जागी उभं राहिल्यावरच मिळालं पाहिजे.

आपल्याकडून दुबईला जाणाऱ्यांच्या सहलीचा आराखडा बहुतेक ठरलेला असतो: बुर्ज खलिफा, मॉल, वाळवंटातली सफारी, रात्रीची क्रूझ. ८२८ मीटर उंचीची इमारत माणसानं उभी केली, हे पाहण्यासारखंच आहे. पण तिथे आपण गाडीतून उतरतो, पाहतो आणि पुन्हा गाडीत बसतो. खाडीच्या दोन्ही काठांवरचं जुनं शहर मात्र पायांखाली घातल्याशिवाय कळत नाही. त्या शहरात मुंबईच्या आणि आपल्या किनाऱ्याच्या इतक्या खुणा आहेत, की मराठी माणसानं ते अर्ध्या तासात उरकू नये असं मला मनापासून वाटतं.

शोधलेलं लक्षात राहतं

या खेळाचे पूर्वज जुने आहेत. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर १८५४ मध्ये एका वाटाड्यानं अवघड जागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्यानं आपलं कार्ड तिच्यात टाकून यायचं. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’ हा छंद निघाला. पुढे मे २००० मध्ये अमेरिकेनं नागरी वापराच्या जीपीएसची अचूकता मुद्दाम कमी ठेवणं थांबवलं. काही दिवसांतच ओरेगन राज्यात एकानं डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले आणि ‘जिओकॅशिंग’ सुरू झालं. शहरातल्या आजच्या खेळात लपवलेलं काहीच नसतं. रस्ता, भिंत, दार, पाटी, दुकान हाच खजिना असतो.

यात करमणुकीपलीकडचंही काही आहे. नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं, की जो शब्द आपण स्वतः पूर्ण करतो तो नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा जास्त लक्षात राहतो. गाइडनं सांगितलेलं सन हॉटेलवर पोचेपर्यंत विसरतं. पाच मिनिटं भिंत न्याहाळून काढलेलं उत्तर तसं विसरत नाही.

बुर दुबईचा काठ

तर, ती भिंत. नोटेवरचा किल्ला म्हणजे अल फहीदी. १७८७ मध्ये बांधलेली ही दुबईतली सर्वांत जुनी शिल्लक इमारत. राज्यकर्त्याचं निवासस्थान, शिबंदी, तुरुंग असे तिचे उपयोग बदलत गेले. १९७१ मध्ये, म्हणजे संयुक्त अरब अमिराती जन्माला आली त्याच वर्षी, तिथे संग्रहालय सुरू झालं. दुरुस्तीसाठी ते बराच काळ बंद राहिलं, पण आपल्या प्रश्नाला बाहेरची भिंत पुरते. गिलावा नाही अशा जागी पाहिलं की दगडावर बारीक बारीक छिद्रांची जाळी दिसते. काही छिद्रांच्या कडांना चांदणीसारख्या रेघा आहेत. हा प्रवाळ आहे. प्रत्येक छिद्रात एके काळी समुद्रातला एक इवला जीव राहत होता. सह्याद्रीच्या किल्ल्यांना काळा कातळ जागेवर मिळाला. इथे जमिनीवर वाळू होती, म्हणून माणसांनी दगड समुद्रातून काढला.

दुसरी चिठ्ठी किल्ल्याच्या पूर्वेला, चालत काही मिनिटांवरच्या अल फहीदी वस्तीत उघडायची. जुन्या लोकांच्या तोंडी ही वस्ती बस्तकिया. प्रश्न असा: चारही दिशांना तोंडं असलेला मनोरा शोधा. वारा कुठूनही आला तरी तो खालच्या खोलीत कसा उतरतो? हा ‘बरजील’, वारा पकडणारा मनोरा. त्याच्या आत फुलीच्या आकाराची आडभिंत असते. वाऱ्याकडच्या तोंडातून हवा शिरते, आडभिंतीला थडकून खाली येते आणि खोलीतली तापलेली हवा दुसऱ्या बाजूनं वर निघून जाते. मनोऱ्याखाली बसायला मिळालं तर वाऱ्याच्या दिवशी हे अंगाला जाणवतं.

तिसरा प्रश्न पावलांनी सोडवायचा. उघड्या असलेल्या एखाद्या जुन्या घरात शिरा आणि खोलीची रुंदी मोजा. खोल्या लांब आहेत, मग एवढ्या अरुंद का? उत्तर छतात आहे. आढ्याला पूर्व आफ्रिकेहून आणलेले खारफुटीचे वासे घातलेत. त्यांची लांबी साधारण तीन-साडेतीन मीटरच भरायची. जेवढा वासा, तेवढी खोली. आता दाराकडे वळा. जाड, कोरीव लाकूड दिसलं तर ते बहुधा हिंदुस्थानातून आलेलं सागवान. आफ्रिकेचं छत, भारताचं दार आणि समुद्राच्या पाण्यातली भिंत, एवढा व्यापार एका खोलीत उभा आहे.

ही घरं बांधणारे व्यापारी इराणच्या बस्तक भागातले. इराणी बंदरांत जकात वाढली, दुबईच्या शेखांनी कर माफ केले आणि एकोणिसावं शतक संपता संपता व्यापारी या काठावर आले. त्याच सुमारास मुंबईहून येणाऱ्या आगबोटीही दुबईला थांबू लागल्या. पुढे १९८० च्या दशकात नव्या बांधकामासाठी ही वस्ती पाडायला घेतली. निम्मी गेलीही. रेनर ऑटर या ब्रिटिश वास्तुविशारदानं ती वाचवण्यासाठी मोहीम चालवली. १९८९ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स इथे येऊन गेले आणि उरलेली घरं राहिली. आज आपण ज्या गल्ल्यांत वाट चुकतो त्या या प्रयत्नामुळे शिल्लक आहेत.

चौथी चिठ्ठी कापड बाजाराच्या दिशेनं नेते: मोठ्या मशिदीच्या मिनाराच्या सावलीत देवांच्या तसबिरी विकणारी गल्ली शोधा. ही ‘हिंदी लेन’. १९५८ पासून या भागात हिंदूंची मंदिरं आहेत. हार, कुंकू, उदबत्ती यांची दुकानं त्यांच्याच आधारानं वाढली. इथलं शिवमंदिर जानेवारी २०२४ मध्ये जबल अलीला हललं. तिथलं नवं मोठं मंदिर ऑक्टोबर २०२२ मध्ये खुलं झालं होतं. जुन्या दुबईकर मराठी कुटुंबांना विचारा. महाशिवरात्रीला या बोळात लागणाऱ्या रांगेची आठवण बहुतेकांकडे आहे. या टप्प्यावर चिठ्ठीपेक्षा माणसं जास्त सांगतात, म्हणून ‘एका दुकानदाराला तो इथे कधी आला ते विचारा’ हेच काम ठेवावं. हिंदी इथे सगळीकडे चालते.

एका दिरहमचं पाणी

पाचवी चिठ्ठी: कॉफीच्या सुरईचं चित्र नावाड्याच्या हातात ठेवा आणि पलीकडे जा. एक दिरहमच्या नाण्यावर ‘दल्ला’ ही अरबी सुरई कोरलेली आहे आणि अब्रा या लाकडी नावेचं भाडं एक दिरहमच आहे. मुलं हे कोडं मोठ्यांच्या आधी सोडवतात.

पाण्याच्या मधोमध असताना दोन्ही काठ पाहून घ्यावेत. ही खाडी गाळानं भरत चालली होती. दुबईचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज घेतलं आणि १९५९ ते १९६१ या काळात ती खोल करून घेतली. मोठी गलबतं आत येऊ लागली आणि शहराचं नशीब पालटलं. तेव्हा इथे तेलही सापडलेलं नव्हतं. ते १९६६ मध्ये सापडलं. दुबई तेलामुळे घडली असं आपण सर्रास म्हणतो. या पाण्यावर बसलं की बंदर आधी होतं, हे ध्यानात येतं.

देऱ्यातले बाजार

पलीकडचा देरा नाकानं सुरू होतो. मसाला बाजारात सहावी चिठ्ठी: लिंबाएवढं, काळपट, वजनाला हलकं असं फळ हातात घ्या आणि ते कशाचं आहे ते वासावरून ओळखा. त्याची साल कडक आणि ठिसूळ. फोडलं की आतून जवळजवळ काळं आणि आंबट-धुरकट वासाचं निघतं. हा ‘लूमी’, मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलेलं लिंबू. अरबी आणि इराणी स्वयंपाकात आंबटपणासाठी ते घालतात, जसं आपण आमसूल घालतो. शेजारी इराणी केशर असतं, लोबानाचे खडे असतात. दुकानदार लूमी हातात देतो, वास घेऊ देतो आणि गप्पा सुरू होतात.

सातव्या चिठ्ठीसाठी अल अहमदिया शाळा गाठायची. दुबईतली ही पहिली नियमित शाळा, १९१२ ची. प्रश्न: शाळा बांधणाऱ्याचा व्यवसाय कोणता होता आणि त्याचा माल कुठे विकला जाई? शेख अहमद बिन दलमूक हे मोत्यांचे व्यापारी होते. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. इथे पाणबुडे जीव धोक्यात घालून शिंपले काढत, मुंबईत मोत्यांची प्रतवारी आणि विक्री होई आणि तिथून ते युरोपात जात. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानचे कल्चर्ड मोती यांनी हा धंदा बुडवला.

नातं मोत्यांपुरतं नव्हतं. दुबईतलं पहिलं पोस्ट ऑफिस १९०९ चं आणि ते भारतीय टपाल खात्याचं. बाजारात भारतीय रुपया चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या ‘गल्फ रुपया’ नोटा काढल्या आणि १९६६ पर्यंत त्या इथे चालल्या. मुंबईहून कराचीमार्गे आखातात जाणारी ‘द्वारका’ बोट १९८२ पर्यंत सुरू होती. रायगड-रत्नागिरीच्या कितीतरी घरांत तिचं नाव अजून निघतं.

शेवटची चिठ्ठी सोन्याच्या बाजारात: कुणाच्याच बोटात न बसणारी अंगठी शोधा. ‘नजमत तैबा’ नावाची, सुमारे ६४ किलो वजनाची ही अंगठी गिनीज बुकात नोंदलेली आहे आणि एका दुकानाच्या काचेआड ठेवलेली असते. फोटो काढून झाला की पुढचा प्रश्न विचारावा: सोन्याची खाण नसलेल्या गावात सोन्याचा एवढा बाजार का? भारतात १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता, तो १९९० मध्ये रद्द झाला. त्या कायद्याच्या आधीपासूनच सोन्यावर आपल्याकडे कडक बंधनं होती आणि दुबईत ते मोकळेपणानं विकत मिळे. इथून गलबतांनी निघालेलं सोनं आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चोरून उतरत होतं. हिंदी सिनेमातल्या तस्करांच्या गोष्टींमागचा हिशेब हा असा होता.

आपली चिठ्ठी कशी लिहावी

तीनेक किलोमीटरच्या या वाटेला सगळं पाहत तीन-चार तास लागतात. नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा, उन्हाळ्यात हा खेळ नकोच. दुपारी पुष्कळ दुकानं बंद असतात आणि शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, त्यामुळे सकाळी लवकर किंवा चारनंतर निघावं. येण्याजाण्यासाठी मेट्रोची ग्रीन लाइन सोयीची आहे. अल गुबैबा स्थानकावर उतरून सुरुवात करता येते, परतताना अल रास जवळ पडतं. कपडे साधे आणि अंग झाकणारे असावेत. अनोळखी माणसांचे, विशेषतः बायकांचे, फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. तिथल्या कायद्यानं तो गुन्हा ठरू शकतो. नमाजाच्या वेळी मशिदीच्या दारात घोळका करू नये.

चिठ्ठ्या विकत किंवा ॲपवर मिळतात, पण स्वतः लिहिलेल्यांची मजा निराळी. प्रश्न असा हवा, की इंटरनेटवर शोधून भागणार नाही. मोजावं, हुंगावं, मान वर करावी किंवा कुणाला तरी विचारावं लागेल. ‘किल्ला कधी बांधला?’ हा परीक्षेतला प्रश्न झाला. ‘किल्ला कशाचा बांधला?’ यानं माणूस भिंतीपाशी जातो. आठ-दहा चिठ्ठ्या पुरेत. कोडं अडलं तर वापरायला प्रत्येकीला एक सोपी खूण जोडून ठेवावी, म्हणजे लहान मुलं हिरमुसणार नाहीत. घड्याळ लावू नये. शर्यत झाली की माणसं पाहायचं सोडून धावू लागतात.

दुबईत वाढणाऱ्या मराठी मुलांनी या चिठ्ठ्या लिहाव्यात, ही माझी खरी इच्छा आहे. सांगली-साताऱ्याहून किंवा चिपळूणहून आजी-आजोबा महिनाभरासाठी येतात, तेव्हा नातवंडं शाळेत आणि मुलगा-सून कामावर असतात. सुट्टीच्या दिवशी सगळे मॉलमध्ये जातात. त्याऐवजी एका सकाळी नातवानं लिहिलेली चिठ्ठी आजोबांच्या हातात पडली, तर प्रश्न लिहिण्यासाठी नातवाला आपलं शहर आधी स्वतः पाहावं लागेल. गल्फ रुपया किंवा ‘द्वारका’ बोट निघाली की सांगण्याची पाळी आजोबांची येईल. पुढच्या मे महिन्यात मुलं गावी आली की आजी-आजोबांनी आपल्या गावाच्या चिठ्ठ्या तयार ठेवाव्यात. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या राजाचा वाडा का आहे, मिरजेच्या एका गल्लीत सतारींचे भोपळे का वाळत असतात, असे प्रश्न आपल्या प्रत्येक गावात पडून आहेत. ते लिहून काढायला एक वही आणि एक रविवार पुरतो.