पाणी घातल्यावर सापडणारा उपदंश

गर्भवतीच्या तपासणीच्या कागदावर ‘व्हीडीआरएल’ ही अक्षरे आपण पाहिली असतील. ही उपदंशाची, म्हणजे गरमीची, रक्तचाचणी. एचआयव्हीसह जगणाऱ्या पुरुषांनाही, लैंगिक संबंध चालू असतील तर, ती वर्षातून किमान एकदा करायला सांगतात. जोखीम जास्त असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी. एचआयव्हीची औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. पण उपदंशाच्या जंतूवर या औषधांचा काहीच परिणाम होत नाही. या रोगाचे पहिले क्षत बहुधा दुखत नाही, घशात किंवा गुदद्वारात असले तर दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. जंतू मात्र शरीरात राहतो. पुढे डोळे, कान, मेंदू यांना तो इजा करू शकतो.

व्हीडीआरएल चाचणी जंतूला शोधतच नाही! कार्डिओलिपिन हे स्निग्ध द्रव्य १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून वेगळे केले. उपदंश झालेल्याच्या रक्तात या द्रव्याला चिकटणारी प्रतिद्रव्ये असतात. प्रत्येक प्रतिद्रव्याला जणू किमान दोन हात. एका हाताने एक कण, दुसऱ्याने दुसरा कण धरला की कणांचे जाळे बनते आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसतात.

आता प्रतिद्रव्ये फारच जास्त झाली तर? प्रत्येक कणाला सगळीकडून वेगवेगळी प्रतिद्रव्ये चिकटतात, त्यांचे दुसरे हात रिकामेच राहतात, जाळे बनत नाही. रोग जोरात असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’! हे क्वचित घडते, पण एचआयव्हीमुळे प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या पेशी अतिउत्तेजित होतात, त्यामुळे अशा रुग्णांत याची शक्यता थोडी अधिक. उपाय अगदी साधा. रक्तद्रव मिठाच्या पाण्याने दुप्पट, चौपट, आठपट असा पातळ करत जायचे; मध्येच कुठेतरी गुठळ्या दिसू लागतात. गर्दीच्या प्रयोगशाळेत नेमकी हीच पायरी गाळली जाते. म्हणून अंगावर पुरळ आहे आणि अहवाल निगेटिव्ह, असे असेल तर ‘पातळ करून पाहिले का?’ हे विचारायलाच हवे.

याच पातळ करण्यातून उपचाराचाही अंदाज येतो. पेनिसिलिननंतर ३२ पट पातळ केल्यावर दिसणाऱ्या गुठळ्या पुढे फक्त ८ पटीपर्यंतच दिसल्या, तर उपचार लागू पडला. एचआयव्ही असताना याला वर्ष-दोन वर्षेही लागू शकतात. प्रत्यक्ष जंतूविरुद्धच्या प्रतिद्रव्यांची चाचणी मात्र बरे झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते; पुन्हा लागण झाली का, हे तिच्यावरून कळत नाही.

परमा आणि क्लॅमिडिया यांचे जंतू रक्तात नव्हे, जिथे लागण झाली तिथे शोधावे लागतात. नुसती लघवी तपासली तर घशातली व गुदद्वारातली लागण निसटते. त्यासाठी डॉक्टरांनी संबंधांविषयी स्पष्ट विचारावे लागते, आणि रुग्णाला न घाबरता सांगता यावे लागते. ‘गुप्तरोग’ हा आपला शब्द इथे आड येतो.