प्लग बदलले आणि गाडी मिसिंग करू लागली

रविवारी सकाळी अंगणात बॉनेट उघडायचं, चार प्लग बदलायचे, एअर फिल्टर साफ करायचा आणि दुपारी साक्रीहून दहिवेलकडे एक फेरी मारून बघायची. घरची गाडी घरी दुरुस्त करण्याची ही सवय मला मनापासून आवडते. पण कधी कधी त्याच फेरीत गाडी झटके देते, चढाला ओढत नाही, सिग्नलला उभी असताना थरथरते. फिटरच्या भाषेत ती ‘मिसिंग’ करते. मग ज्याला त्याला सल्ला सुचतो आणि नको तो खर्च सुरू होतो.

सगळ्यात जास्त कानावर येतं ते म्हणजे, ‘कॉईल गेली, नवीन टाक.’ काल ठणठणीत असलेली गाडी आज हात लावल्यावर बिघडली, तर पहिला संशय हात लागला तिथेच घ्यावा. प्लग काढायला कॉईल उपसावी लागते, त्यासाठी तिचं कनेक्टर काढावं लागतं. इंजिनच्या उष्णतेने त्या प्लास्टिकचं लॉक कडक होऊन तुटतं; कनेक्टर बसल्यासारखं दिसतं, पण ‘टक्’ असा आवाज आलेला नसतो. जुन्या, वायरींच्या गाडीत दोन वायरींची अदलाबदल होते. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, म्हणून एका वेळी एकच वायर काढावी. फिल्टरच्या पाइपाची क्लिप सैल राहिली किंवा बारीक व्हॅक्यूम नळी निसटली, तरी न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं.

‘गावात नीट चालते, म्हणजे प्लग चांगले आहेत,’ हाही असाच गैरसमज. प्लग हातातून फरशीवर पडला, तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढी चीर जाते. इंजिनवर भार नसताना ठिणगी पडते. पण कोंडाईबारी घाटाच्या चढाला पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि ती सोपी वाट धरून चिरेतून बाहेर पळते. त्यामुळे भाराखाली झटके आले, तर ठिणगीकडे बघावं. उभ्या गाडीत थरथर आणि वेगात ती कमी होत असेल, तर हवेची गळती शोधावी. नेम शंभर टक्के लागतोच असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. तीन सिलिंडरच्या गाड्या उभ्या असताना मुळातच थोड्या जास्त हलतात. ती थरथर म्हणजे मिसिंग नव्हे.

स्कॅनरबद्दलचा समज तर सुशिक्षित माणसांचाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि ‘पी०३०२’ आलं, की लोक कॉईल विकत घ्यायला निघतात. तो कोड फक्त एवढंच सांगतो, की दुसऱ्या सिलिंडरमध्ये ज्वलन नीट होत नाही. क्रँकशाफ्टच्या फिरण्यातला बारीक अडखळ मोजून संगणकाने हे ओळखलेलं असतं. दोष कॉईलचा, प्लगचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे त्याला सांगता येत नाही. ते शोधायची फुकट युक्ती आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉईलींची अदलाबदल करा, कोड पुसा, पुन्हा चालवा. आता पी०३०३ आलं तर कॉईल खराब. कोड हलला नाही, तर हाच प्रयोग प्लगवर करा. पी०३०० आला तर मात्र मिसिंग एका सिलिंडरला बांधलेली नाही. हवेची गळती किंवा इंधनाचा दाब तपासायला हवा. आणि तपासाआधी बॅटरीची वायर काढू नका. त्याने दोष जात नाही, पुरावा तेवढा पुसला जातो.

एका जुन्या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे : चालू इंजिनाच्या प्लगची वायर ओढून कोणता सिलिंडर बंद आहे ते बघणं. तिथे हजारो व्होल्ट असतात. शिवाय न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरच्या वाटेने जातं.

हाच धोका ‘लाइट लुकलुकतोय, पण धुळ्यापर्यंत जाईल’ म्हणण्यात आहे. इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल, तर लवकर तपासणी हवी. लुकलुकत असेल, तर पाय काढा, शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबा. कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आतली सिरॅमिकची जाळी हजार अंशांच्याही पुष्कळ वर तापून वितळू शकते. ती बदलायला प्लगच्या कितीतरी पट पैसे लागतात. एप्रिल-मेमध्ये महामार्गाकडेचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं; अशा तापलेल्या गाडीला त्यावर उभं करू नका.

हल्ली प्रत्येक झटक्याचं खापर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फुटतं. इंधनात पाणी शिरलं असेल तर मिसिंग होऊ शकते, पण टाकी सगळ्या सिलिंडरांची एकच. एकटा दुसरा सिलिंडर रुसला असेल, तर पंपवाल्याशी भांडण्याआधी त्याचा प्लग काढून बघा. सीएनजीवर झटके देणारी गाडी पेट्रोलवर नीट चालते, म्हणून नुसतं किटकडे बोट दाखवू नका. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे झिजलेला प्लग आधी गॅसवरच उघडा पडतो.

डिझेल पिकअपला स्पार्क प्लग नसतोच. फिल्टर बदलल्यावर ती अडखळली, तर बहुधा लाइनने एअर धरलेली असते. हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबून एअर काढावी.

शेवटचं, प्लग आवळण्याचं. ‘जितका घट्ट तितका चांगला’ म्हणणाऱ्यांनी ॲल्युमिनिअमच्या हेडचे आटे घालवले आहेत. इंजिन थंड असताना प्लग हाताने बसेपर्यंत फिरवावा. वॉशरचा नवा प्लग असेल, तर मग पान्याने साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरतो. एवढं करूनही मिसिंग राहिली, तर कॉम्प्रेशन तपासायला फिटरकडे न्या. आपण काय काय उघडलं होतं ते त्याला सांगा आणि काढलेले जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने सोबत न्या. त्यांच्यावरची काजळी, तेल किंवा ओल बघून निम्मा तपास तो तिथेच करेल.