एकटे जा, पण सांगून जा

महाराष्ट्रात माझ्या वयाच्या खेड्यातल्या माणसाला बहुधा दोन वाढदिवस असतात. एक कागदावरचा, १ जूनचा. घरी जन्मतारीख नोंदलेली नसली, की पहिलीत नाव घालणारे गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे दरवर्षी त्या दिवशी आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी कोणाला शुभेच्छा द्यायच्या हाच प्रश्न असतो. दुसरा वाढदिवस आईच्या हिशेबातला. माझा दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, तिथीने.

मी मूळचा मेहकरचा. नोकरी उरण तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. राहायला करंज्यात, एका कोळी कुटुंबाच्या घरात, भाड्याने. विदर्भ-मराठवाड्यातले माझ्यासारखे पुष्कळ शिक्षक रायगड, रत्नागिरी, पालघरात आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसलेले असतात. गावी जायचं म्हणजे एसटीत अख्खी रात्र जाते आणि परतताना दुसरी रात्र. एका दिवसाच्या वाढदिवसासाठी ते जमत नाही. त्या वर्षी तिथी रविवारी आली आणि मी ठरवलं, घरामागचा द्रोणागिरी एकट्याने चढायचा.

आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “काहून रे एकटा जातं?” प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर नीट देता आलं पाहिजे, तरच एकट्याने डोंगरावर जावं, असं माझं मत आहे.

पनवेलच्या आसपास डोंगरांना तोटा नाही. कर्नाळा आहे, प्रबळगड आहे, कातळात कोरलेल्या पायऱ्यांचा कलावंतीण सुळका आहे, इर्शाळगड आहे. फोटोत हे सगळे द्रोणागिरीपेक्षा देखणे दिसतात. पण एकट्याने जायचं तर डोंगराच्या रूपापेक्षा पायथ्याशी आपल्या ओळखीचं कोण आहे, हे आधी बघावं. कर्नाळ्याच्या पायथ्याशी मला कोणी ओळखत नाही. करंज्यात अर्ध्या पाड्याची पोरं माझ्या वर्गात बसलेली.

द्रोणागिरी बुटका असला तरी त्याच्या अंगावर इतिहास भरपूर आहे. जुन्या कागदपत्रांत उरणच्या सगळ्या बेटालाच करंजा म्हटलेलं आढळतं. इंग्रजी अमदानीत उरण हा पनवेल तालुक्याचा पेटा होता. त्याआधी इथे पोर्तुगीज होते. वसईच्या मोहिमेच्या काळात बेट मराठ्यांकडे आलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी व घारापुरीबरोबर ते इंग्रजांकडे राहिलं. डोंगरमाथ्यावर आज पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष, चौकीच्या भिंती आणि पाण्याचं टाकं आहे. खाली करंज्यात द्रोणागिरी देवीचं देऊळ. सिडकोच्या नकाशावरच्या द्रोणागिरी नोडनेही नाव याच डोंगराचं घेतलं.

गावात कथा सांगतात ती मारुतीची. लक्ष्मणासाठी संजीवनी आणायला गेलेला मारुती अख्खा पर्वत उचलून निघाला आणि त्याचा एक तुकडा इथे पडला. गंमत म्हणजे तिकडे उत्तराखंडातल्या द्रोणागिरी गावात मारुतीची पूजा करत नाहीत. आमचा पर्वत नेला, म्हणून राग. तिथलं दूनागिरी शिखर ७,०६६ मीटर उंच आहे. आमच्या वाट्याला आलेला तुकडा न्याहारीनंतर चढून दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढा.

आमच्या घरी वाढदिवसाला केक नसायचा. आई औक्षण करायची, मग तीळ-गूळ घातलेलं दूध ओंजळीत द्यायची आणि चिरंजीवांची नावं घ्यायला लावायची: अश्वत्थामा, बळी, व्यास, मारुती, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम, आणि आठवा मार्कंडेय. घरापासून इतक्या लांब त्यांतल्या एकाचा डोंगर शेजारी मिळाला होता. आईला हे कारण लगेच पटलं. पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल, एवढ्या दोन अटी घालून तिने परवानगी दिली.

घरमालकीण मावशींची परवानगी मात्र सहज मिळाली नाही. त्या पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाला जातात, माणसं पारखण्यात मुरलेल्या. त्यांनी कुठल्या वाटेने जाणार ते विचारलं, पायातले बूट पाहिले. तांदळाच्या दोन भाकऱ्या आणि वालाची उसळ बांधून दिली. मार्गशीर्ष होता, एरवी सुका जवळा मिळाला असता. आणि वेळ दिली ती घड्याळाची नव्हे. म्हणाल्या, “आत्ता सुकती लागलीय. भरतीचं पाणी जेटीला चढायच्या आत खाली या. नाही आलात तर पोराला वर धाडते.”

भरती-ओहोटीचं चक्र साधारण सहा-सहा तासांचं. वरून रेवसच्या बाजूची खाडी सतत डोळ्यांसमोर असते, म्हणजे मोबाइल बंद पडला तरी वेळ कळणार. मावशींनी मला इतकी चोख मुदत घालून दिली होती.

डिसेंबरातल्या डोंगराची तऱ्हा वेगळी. पावसाळ्यात पाय चिखलात सरकतो, आता वाळलेल्या गवतावरून. मुरमाड उतारावर घसारा असतो, तिथे पाऊल आडवं टाकायचं. फसवतात त्या ढोरवाटा. गुरं चरत जातात तिकडे वाट छान मळलेली दिसते आणि पुढे झुडपात संपते. दुफाटा आला की मी मागे वळून पाहायचो. येताना हीच जागा उलट्या बाजूने दिसणार असते, ती आत्ताच ओळखीची करून ठेवलेली बरी. गवत छाटलेल्या एका वळणावर लाकूडफाट्याची मोळी घेऊन उतरणाऱ्या बाई भेटल्या. त्यांना वाट विचारली. हेतू वाट कळावी एवढाच नव्हता, आपण इकडून गेलो हे कोणाला तरी माहीत असावं, हाही होता.

माथ्यावर चर्चच्या भिंतीच्या सावलीत बसलो. भिंतीच्या फटीतून पिंपळाची मुळं उतरलेली. उत्तरेला जेएनपीएच्या क्रेन, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला धरमतरच्या खाडीचं तोंड. खाली करंज्याच्या बोटी इतक्या लहान दिसत होत्या, की माझ्या विद्यार्थ्याच्या बापाची कुठली ते ओळखू येईना. १ जूनला मासेमारीबंदी सुरू झाली की त्या सगळ्या किनाऱ्याला लागतात. म्हणजे माझ्या कागदावरच्या वाढदिवशी गाव घरी असतं आणि खऱ्या वाढदिवशी दर्यावर. आईला फोन लावला, आठ नावं घेतली, भाकरी खाल्ली. फोटो काढले ते माथ्यावरचे. या भागात नौदलाचा तळ आणि ओएनजीसीचा प्रकल्प आहे. तिकडे कॅमेरा वळवू नये आणि मनाईची पाटी दिसली की निमूट मागे फिरावं.

पाणी जेटीच्या पायऱ्यांना लागायच्या आत मी उतरलो. मावशींचा पोरगा पायथ्याशी बाइकवर बसूनच होता.

हे पोरगं पायथ्याशी असणं फार महत्त्वाचं आहे. २००३ साली अमेरिकेत युटा राज्यातल्या घळीत आरन राल्स्टन नावाचा तरबेज गिर्यारोहक एकटा गेला. एक दगड निखळून त्याचा हात अडकला. तो कुठे गेलाय हे कोणालाच माहीत नव्हतं. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो सुटला. त्याच्याकडे कौशल्य होतं, हिंमत होती. नव्हता तो फक्त त्याची वाट पाहणारा माणूस. आपल्याकडे लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स यांसारख्या संस्थांचे कार्यकर्ते अडकलेल्यांना सोडवायला रात्री-अपरात्री धावतात. पण कोणीतरी अडकलंय आणि कुठे अडकलंय, हे त्यांना आधी कळावं लागतं.

तेव्हा घरापासून लांब नोकरी करणाऱ्या आणि वाढदिवशी खोलीत पडून मोबाइल बघणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, जरूर जा. गावाजवळचा लहान डोंगर निवडा, पावसाळ्याचे महिने टाळा. दिवस आपला असला तरी अत्तर लावून जाऊ नका, उग्र वासाने मधमाश्या उठतात. दोन लिटर पाणी आणि चार्ज केलेला फोन घ्या. ११२ आणि १०८ हे क्रमांक पाठ असू द्या. आणि निघताना वाट कोणती, परतायची वेळ कोणती, हे पायथ्याच्या एका तरी माणसाला सांगा. तसं सांगायला कोणी नसेल, तर डोंगर पुढच्या वर्षावर ढकला आणि हे वर्ष ओळखी करण्यात घालवा.