काशीतलं मूल आणि घरचं कुत्रं

वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ‘राम नाम सत्य है’ म्हणत मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे निघालेली तिरडी तिथल्या पोरांच्या रोजच्या पाहण्यातली. म्हणून मोठ्यांनी धरून ठेवलेला समज असा, की या मुलांना मरणाचं काही वाटत नाही. कुत्रं गेलं तर दोन दिवसांत विसरतील. पण परक्याची तिरडी बघणं वेगळं आणि शाळेतून येताच अंगावर झेपावणारं जनावर दारात नसणं वेगळं. ब्रिस्टल परिसरातल्या ६,२६० मुलांच्या नोंदींवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाळीव प्राण्याचा मृत्यू अनुभवलेल्या मुलांत मानसिक त्रासाची लक्षणं जास्त आढळली. मुलींपेक्षा मुलग्यांत हे अधिक ठळक होतं. ‘मुलगा आहे, रडतोस काय’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

‘लहान मुलाला खरं सांगू नये’ हा दुसरा समज. मग ‘झोपलाय’ किंवा ‘गावाला गेला’ असं सांगितलं जातं. मेलेलं परत येत नाही आणि त्याला भूक, थंडी, वेदना उरत नाहीत, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान नीट कळू लागतं. त्याआधीचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं. झोपलेला उठला नाही, तर रात्री स्वतः झोपायला घाबरतं. गावाला गेलेल्याची वाट बघत बसतं. ‘मेला. त्याचं शरीर बंद पडलं, तो आता परत येणार नाही,’ हे ऐकायला कठोर, पण मुलाच्या पचनी पडणारं.

काशीत यावर आणखी एक उत्तर तयार असतं: इथे किडामुंगीलाही मोक्ष मिळतो. श्रद्धा म्हणून आजीने जरूर सांगावं. पण आधी ‘मेला’ म्हणून आणि नातवाला रडू देऊन. नाहीतर इतकी चांगली गोष्ट घडली असताना आपल्याला वाईट का वाटतंय, याचीच त्याला लाज वाटते.

मूल तासाभरात पतंग उडवायला गच्चीवर गेलं, म्हणजे विसरलं असंही नव्हे. मुलांचं दुःख तुकड्यातुकड्यांनी येतं. मध्येच, जेवताना, प्रश्न येतो: ‘मी त्याला रागावलो होतो, म्हणून मेला का?’ या वयात अशी समजूत नेहमीची. ‘नाही, आजाराने मेला,’ असं स्पष्ट सांगावं, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगावं.

माणूस गेला की सुतक असतं, तेरावं असतं, भेटायला येणारे असतात. कुत्र्यासाठी यातलं काहीच नाही, म्हणून निरोपाची सोय घरानेच करायची. ‘गंगेत सोडलं की झालं’ हा मार्ग मात्र नको. मेलेल्या जनावराने नदी दूषित होते. विल्हेवाटीसाठी नगर निगमाकडे किंवा जनावरांच्या डॉक्टरांकडे चौकशी करावी. शरीर नेण्याआधी मुलाची इच्छा असेल तर त्याला बघू द्यावं, पट्टा ठेवून घेऊ द्यावा. भैरवनाथाचं वाहन कुत्रंच. कालभैरवाच्या देवळात जाऊन आपल्या गेलेल्या कुत्र्याच्या नावाने तिथल्या कुत्र्यांना खाऊ घालणंही मुलाला आवडेल.

दुसऱ्याच दिवशी नवं पिल्लू आणण्याची घाई सहसा मोठ्यांची असते. मुलाने मागेपर्यंत थांबावं. झोप, जेवण, शाळा आठवडेच्या आठवडे बिघडली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा.