एका तुऱ्याचे दोन रंग

पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही कोरड्या टेकडीवर चढताना पायवाटेकडेचं एखादं काटेरी झुडूप हमखास सदऱ्याची बाही धरतं. बाही सोडवायला वाकलं की पानांखाली लोंबणारा तुरा दिसतो. देठाकडचा भाग गुलाबी-जांभळा, टोकाकडचा हळदीसारखा पिवळा. ही सिगमकाठी. दुरंगी बाभूळही म्हणतात. शास्त्रीय नाव डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच दोन रंगांचा तुरा.

हा तुरा म्हणजे एक फूल नव्हे, दाटीनं बसलेल्या चिमुकल्या फुलांची ती वस्तीच आहे. भिंग लावून पाहा. गुलाबी भागात नुसते लांब, रेशमी तंतू असतात. ते वांझ पुंकेसर. त्यांच्यात पराग तयार होत नाहीत. पराग आणि बीजांडं पिवळ्या फुलांत. गुलाबी फुलांना शेंग कधीच धरत नाही, तरी लांबून नजर खेचतात ती तीच. तुरा जुना झाला की त्यांचा रंग उडून ती पांढुरकी होतात.

काटाही निरखून बघण्यासारखा. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीनं येतात, कारण ती रूप बदललेली उपपर्णं असतात. सिगमकाठीचा काटा मात्र अख्खी आखूड फांदी आहे, टोकाला अणकुचीदार झालेली. म्हणून तर त्याच काट्यावर पानांचे झुबके फुटलेले दिसतात.

या झुडपाची चिवट ताकद मुळांत आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडतात, त्यामुळे हलक्या मुरमाड जमिनीतही त्याचं भागतं. वरून तोडलं तर मुळांतून नवे फुटवे येतात. एकोणिसाव्या शतकात ते क्युबात पोचलं आणि तिथे ‘माराबू’ नावानं पडीक शेतांवर अभेद्य जाळी करून बसलं. आता त्याच लाकडाचा कोळसा तिथून निर्यात होतो. २०१७ साली तो अमेरिकेलाही गेला.

आपल्याकडे ते मूळचंच आहे. तरीही टेकडी ‘साफ’ करताना पहिला कोयता याच्यावर पडतो, याचं मला फार वाईट वाटतं. शेळ्या आणि हरणं त्याच्या शेंगा खातात, आणि लेंड्यांतून बिया माळभर पसरतात.

हिवाळ्यात पुन्हा त्याच झुडपापाशी थांबलात, तर तुऱ्याच्या गुलाबी भागाची नुसती काडी उरलेली असेल. तिच्या टोकाला, जिथे पिवळी फुलं होती तिथेच, एकमेकींत गुंतलेल्या वेटोळ्या शेंगांचा घोस लटकत असेल.