वाट एकाची, वरात दुसऱ्याची

२१ सप्टेंबर १९९५च्या गुरुवारी गणपती दूध प्यायला. विसर्जन होऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि पितृपक्ष चालू होता. मुहूर्त म्हणावा तर तोही धड नाही. पहाटे दिल्लीतल्या एका देवळातून बातमी निघाली आणि दुपारपर्यंत गावोगावी लोक तांबे घेऊन रांगेत उभे. लंडनच्या साउथॉलमध्येही तोच प्रकार.

केंद्राच्या विज्ञान खात्यातल्या शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध देऊन पाहिलं. चमचा सोंडेला टेकवून जरा कलता केला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा ओघळ दिसणार कुणाला? रंगामुळे तो दिसला.

दुधाचा उलगडा झाला. मला जास्त कुतूहल आहे ते बातमीचं. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलैला, म्हणजे जेमतेम सात आठवड्यांपूर्वी झालेला. तेव्हा मोबाइल सोडूनच द्या. पण नाक्यानाक्यावर एसटीडी-पीसीओ होते: पिवळी पाटी, काचेची खोली, पळणारे लाल आकडे. १९८४मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संस्था स्थापन झाली, देशी एक्स्चेंज आली, आणि ट्रंक कॉल लावून ताटकळण्याचे दिवस सरले. हा सगळा खटाटोप बाजारभाव, लेकीची खुशाली, मयताचा निरोप यांच्यासाठी. त्या तारांवरून धावत आला गणपती!

आपल्याकडच्या लाटा अशाच येतात. वाट एकासाठी बांधतात आणि तिच्यावरून वरात निघते भलत्याचीच.

रंगीत टीव्हीचं बघा. १९८२च्या नोव्हेंबरात दिल्लीत एशियाड भरायचं होतं. जगाला काळापांढरा भारत दाखवायचा कसा, म्हणून सरकारनं कंबर कसली. परदेशी संचांना वाट मोकळी झाली, १५ ऑगस्टपासून दूरदर्शन रंगीत झालं. आणि त्या एशियाडमध्ये हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं आपल्याला ७-१ असं धुतलं.

सात महिन्यांत त्याच पडद्यावर क्रिकेट शिरलं. गंमत म्हणजे १९८३च्या विश्वचषकातली सगळ्यात गाजलेली खेळी, टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ वरून पुढे नेलेल्या डावातले कपिलदेवचे नाबाद १७५, कुणाच्याच पडद्यावर नव्हती. तिचं चित्रणच नाही. अंतिम सामना मात्र दिसला. २५ जूनला लॉर्ड्सवर भारत १८३, वेस्ट इंडीज १४०. मागे पळत कपिलनं घेतलेला रिचर्ड्सचा झेल पाहिलेली पिढी कसोटीचा संथ संसार सोडून एकदिवसीयच्या मागे लागली. क्रिकेट मंडळाची तिजोरी तेव्हा इतकी रिकामी, की विजेत्यांना बक्षीस द्यायला लता मंगेशकरांची मैफल करावी लागली.

मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. अंतिम सामन्याचे दोन जादा पास मागितले तर लॉर्ड्सवाल्यांनी नकार दिला, हा किस्सा ते स्वतः सांगत. वैदर्भी माणसाला पासावरून डिवचणं महागात पडलं. साळव्यांनी पाकिस्तानला सोबत घेतलं आणि पुढचा, १९८७चा विश्वचषक इंग्लंडबाहेर काढला. साठ षटकांची पन्नास झाली. वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडच्या गूचनं स्वीप मारमारून ११५ केले आणि आपल्याला बाहेर काढलं. पण तोवर वेड अंगात मुरलं होतं. हरल्यानं ते उतरलं नाही.

ज्यानं रस्ता बांधला त्या दूरदर्शनला मात्र या वरातीचा अंदाज आलाच नाही. नव्वदीच्या सुरुवातीला सामने दाखवायचे तर मंडळानंच पैसे द्यावेत, असा त्याचा हिशेब होता. मंडळ खासगी वाहिन्यांकडे वळलं, हीरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून भांडण कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निर्वाळा दिला. १९९६च्या विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क घेतले ते वर्ल्डटेल या खासगी कंपनीनं.