रोपं लावाल, राई कशी लावणार?

पावसाळा सुरू झाला की कॉलेजात एक कार्यक्रम ठरलेला असतो. एनएसएसची टीम कुदळ-फावडी घेऊन निघते, खड्डे आधीच खणलेले असतात, पाहुणे येतात, रोप हातात धरून फोटो होतो आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे स्टेटस हिरवेगार! यात वाईट काहीच नाही. राज्य सरकारनेही २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. पण जे जंगल कुणी लावलेलंच नाही, जे शेकडो वर्षं आपलं आपण वाढत आलंय, ते तुम्ही कधी पाहिलंय का?

त्यासाठी अॅमेझॉनला जायची गरज नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे एक राई आहे. क्षेत्र फक्त २.५९ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेसहा एकर. दलदलीत उभी असलेली ही झाडं जायफळाच्या कुळातली. चिखलात श्वास घेता यावा म्हणून त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून जमिनीच्या वर आलेली असतात. अशी दलदल सह्याद्रीत आता मोजक्याच ठिकाणी उरली आहे. २०२१ मध्ये सरकारने या राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. पण तोपर्यंत ती टिकली कशी? गावाने ती देवाची मानली म्हणून.

देवराई म्हणतात ती हीच. कोकणात आणि घाटमाथ्यावर अशा कितीतरी आहेत. नियम साधे. देवाच्या जागेत कुऱ्हाड चालवायची नाही, काही ठिकाणी तर वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही. झाड तोडायची वेळ आलीच, तर आधी देवाला कौल लावायचा.

या नियमांमुळे आत काय जमत गेलं, ते नीट बघा. झाड म्हातारं होतं, त्याला ढोली पडते. त्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते, दार लिंपून टाकते आणि बारीक फटीतून नर तिला फळं भरवतो. एवढी मोठी ढोली पडायला तसाच जाडजूड बुंधा लागतो. पाच वर्षांच्या रोपात तो कुठून आणणार? पडलेलं खोड कुजतं, त्यावर बुरशी आणि किडे जगतात. गारंबीची जाडजूड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. खाली पालापाचोळ्याचा थर साचतो आणि पावसाचं पाणी वाहून न जाता जमिनीत मुरतं. म्हणूनच अनेक देवरायांच्या पोटात झरा असतो.

सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे दोन शास्त्रज्ञ महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करत होते. तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी, आमची राई तोडली जाणार आहे, मदत करा, असं त्यांना कळवलं. त्यांची काळजी नुसती देवाची नव्हती. राई गेली तर ओढाही जाईल, ही भीती होती. थोडक्यात, त्यांना इकॉलॉजी पक्की कळत होती, शब्द फक्त वेगळे होते.

मग आज धोका कुणाचा? खाणी, रस्ते आहेतच. पण एक धोका थेट आपल्या घरातून जातो, तो म्हणजे जीर्णोद्धार. पूर्वी अनेक रायांमधला देव उघड्यावर किंवा छोट्या कौलारू देवळात असायचा. आता त्याला स्लॅब हवा, सभामंडप हवा, पेव्हर ब्लॉक हवेत, गाड्यांना पार्किंग हवं. त्यासाठी झाडं जातात. कधी तर देवळाचा खर्च भागवायला राईतलीच झाडं विकली जातात. भक्ती तीच आहे, फक्त जंगल हाही देवाच्याच घराचा भाग आहे, हे विसरलंय.

यात तुमचा काय संबंध? तर गावच्या देवळासाठी वर्गणी मागणारं मुंबई-पुण्यातलं मंडळ तुमच्या वडिलांच्या किंवा काकांच्या ओळखीचंच असतं. त्यामुळे हे करून बघा :

- आजी-आजोबांना विचारा, 'आपल्या गावाला राई आहे का?' सातबारावर ती कुणाच्या नावावर आहे, तेही बघा.

- सुट्टीत गेलात की चपला काढून, आवाज बंद ठेवून एक चक्कर मारा. पान तोडू नका, प्लास्टिक टाकू नका.

- बॉटनीवाल्या मित्राला सोबत न्या. झाडांची गावातली नावं लिहून घ्या. ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत राई नोंदली आहे का, हे विचारा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार अशा जागेला वारसा स्थळाचा दर्जाही मिळू शकतो.

- आणि मुख्य म्हणजे, जीर्णोद्धाराची मीटिंग असेल तर जाऊन बसा. देऊळ बांधू नका, असं म्हणायची गरज नाही. सभामंडप आणि पार्किंग राईच्या बाहेर घेता येईल का, एवढंच विचारा. नकाशा कागदावर असतो तोवरच तो बदलता येतो.

पुढच्या पावसाळ्यात रोपं लावायला जरूर जा. पण त्याआधी गावी एक फोन करा आणि देवळाचा नकाशा कुठवर आलाय, ते विचारून घ्या.